आधी मास्क काढायला शिकवा, मग घालायला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हाला कळेल. मुलगी साडेचार वर्षांची. काही आठवड्यांत तिचे उपचार सुरू होणार आहेत, त्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होणार आहे, म्हणून दवाखान्यात आणि गर्दीच्या ठिकाणी मास्क हवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही तऱ्हेतऱ्हेचे मास्क आणून पाहिलेत, चित्रांचेसुद्धा. ती ते हातात घेते, त्यांच्याशी खेळतेही, पण तोंडाजवळ आला की ओरबाडून फेकते. समजावून झालं, रागावून झालं. एकदा दोघांनी मिळून हात धरून घातला, तर रडून रडून उलटी झाली, आणि तेव्हापासून मास्क नुसता दिसला तरी ती पलंगाखाली जाऊन बसते. सवय कशी लावायची, असं तुम्ही विचारलंय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. केसांना हात लावू न देणारी, चष्मा भिरकावणारी, श्रवणयंत्र उपटून काढणारी मुलं हे माझं रोजचं काम. मास्क त्यातलाच एक प्रकार. या सगळ्या मुलांत एक गोष्ट हमखास दिसते: वस्तू नकोशी असतेच, पण त्याहून नकोसं असतं ते आपल्या हातात काही न उरणं. तुमची मुलगी आतापर्यंत एवढंच शिकलीय की हे एकदा तोंडावर चढलं की मोठी माणसं काढू देत नाहीत. मग ती चढूच देत नाही. तिच्या बाजूने पाहिलं तर यात काहीच वेडेपणा नाही.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. पहिले काही दिवस तिला मास्क घालायला शिकवूच नका. काढायला शिकवा.

पण ते कसं हे सांगण्याआधी, काही गोष्टी तुमच्याच परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली, मास्क नेमका कुठे आणि किती वेळ हवाय? "बाहेर मास्क लावा" हे वाक्य ऐकून पालकांच्या डोळ्यांसमोर अख्खा दिवस उभा राहतो. डॉक्टरांना खोदून विचारा: प्रतीक्षाकक्षात हवा की तपासणीच्या खोलीतही? मोकळ्या मैदानात, जिथे आसपास कोणी नाही, तिथे हवा का? पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिवसांत वेगळे नियम आहेत का? कुठल्या प्रकारचा मास्क चालेल? बहुतेक वेळा उत्तर आपल्या धास्तीपेक्षा लहान निघतं. आणि चाळीस मिनिटांची तयारी आणि दिवसभराची तयारी यांत फार फरक आहे.

दुसरी गोष्ट वयाची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये मुलांच्या मास्कविषयी मार्गदर्शन दिलं, त्यात पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांवर मास्कची सक्ती नको असंच म्हटलंय. मात्र कर्करोग किंवा दबलेली प्रतिकारशक्ती असलेल्या मुलांचा विचार त्यात वेगळा केला होता: अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वैद्यकीय मास्क वापरावा. तुमची मुलगी या दुसऱ्या गटात येते. तेव्हा "एवढ्या लहान मुलांना लागतच नाही" म्हणणारे नातेवाईक इतर मुलांच्या बाबतीत बरोबर आहेत, तुमच्या बाबतीत नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलाला, झोपलेल्या मुलाला आणि ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही अशा कुठल्याही मुलाला तो लावायचा नाही, हे मात्र सगळ्यांसाठी सारखंच. (काढायला आधी शिकवा म्हणते त्याला हेही एक कारण आहे.)

तिसरं, तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते: तिला लेबलं टोचतात का, नखं कापताना, डोक्यावर पाणी घेताना ती असाच आकांत करते का? तसं असेल तर स्पर्शाबद्दलची तिची संवेदना मुळातच तीव्र असू शकते आणि सगळं जास्त हळू घ्यावं लागेल. फक्त मास्कच्याच बाबतीत होत असेल तर त्या हात धरण्याच्या प्रसंगाचा वाटा मोठा आहे, आणि तो भरून निघतो.

आता शोधाचं काम. मास्क खुपतो म्हणजे नेमकं काय खुपतं? मोठ्यांना वाटतं ही एक वस्तू आहे. मुलाला ती चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींनी एकदम येते: कानामागे ओढणारं इलॅस्टिक, नाकावर दाबणारी तार, डोळ्याखाली खुपणारी कड, नव्या मास्कचा वास, आणि आपलाच गरम दमट श्वास परत तोंडावर येणं. त्यांना सुटं करून पाहावं लागतं. माझ्याकडे असाच एक मुलगा येत होता. घरच्यांची खात्री होती की त्याला कानाचंच दुखतं, कारण तो कायम कानावरूनच मास्क ओढायचा. मी मास्क बाजूला ठेवला आणि इलॅस्टिकची नुसती दोन वेटोळी त्याच्या कानांमागे अडकवली. तो ठोकळे रचत राहिला, हातसुद्धा वर गेला नाही. थोड्या वेळाने वेटोळी काढली आणि मऊ रुमाल नुसता नाकासमोर, न टेकवता धरला. लगेच मान मागे, श्वास रोखलेला, डोळे मोठे. कान निर्दोष होते. पकडायला तेवढीच जागा सोपी होती म्हणून तो तिथून ओढायचा. त्याचं सगळं दुखणं श्वासाचं होतं. मग आम्ही कानांचा नाद सोडला आणि फुंकरीचे खेळ सुरू केले: तळहातावर फुंकर, आरशावर वाफ काढणं, रुमालाआडून कागदाचा बोळा फुंकून टेबलावरून ढकलणं. गरम श्वास ओळखीचा झाला, त्यातून गंमत निघाली, आणि पुढचं बरंच सोपं गेलं.

तुमच्याकडेही हे करून बघा, पण एका दिवशी एकच गोष्ट. आणि तिच्या चेहऱ्यापेक्षा हातांकडे आणि खांद्यांकडे लक्ष ठेवा. रडण्याच्या बरंच आधी खांदे वर जातात, बोटं आवळली जातात. तिथेच थांबायचं. रडेपर्यंत ताणलं तर शिकवणी नेमकी उलट्या गोष्टीची होते.

मग काढण्याचा खेळ. सुरुवात तिच्या तोंडावर नाही, तुमच्या. तुम्ही तिच्यासमोर मास्क लावा, दुसऱ्या खोलीतून लावून येऊ नका. तिला सांगा, "काढ." तिने कानाच्या दोरीला धरून काढला की तुमचं तोंड हसत बाहेर येऊ दे. पुन्हा लावा, पुन्हा तिने काढायचा. झाकलेला चेहरा उघडला की आतून आपलीच आई निघते, हे तिने स्वतःच्या हाताने खूपदा पाहायला हवं. लहान मुलं समोरच्याचं तोंड पाहून ठरवतात की सगळं ठीक आहे की नाही, आणि दवाखान्यात तर सगळ्यांचीच तोंडं झाकलेली. पुढे बाहुलीला, बाबांना, आजीला. कुणाचाही असो, काढण्याचा हक्क तिचा.

यानंतर तिच्या तोंडाजवळ. इथे करार ठरवायचा: "थांब" म्हटलं किंवा हात वर केला की मास्क लगेच खाली. लगेच म्हणजे खरंच लगेच, "अजून थोडंसं हं राणी" नाही. सुरुवातीला ती दर दोन सेकंदांनी हात वर करेल, तुमची परीक्षा घेईल. दरवेळी पास व्हा. तुमचा शब्द पक्का आहे हे पटलं की हात वर जाण्यातलं अंतर आपोआप वाढतं. हे मी इतक्या मुलांत पाहिलंय की आता मला त्याचं नवल वाटत नाही, पालकांना मात्र दरवेळी वाटतं. ओरबाडणं आणि हात वर करणं यांत फरक करा. ओरबाडलं तरी ओरडायचं नाही, फक्त शांतपणे तिचा हात वर करून दाखवायचा, "असं सांग, मी काढते," आणि काढायचाच. मूल बोलत नसेल तर हाताची खूण किंवा चित्राचं कार्ड हेच काम करतं.

वेळ मोजताना आकड्यांशी इमान राखा. तीनपर्यंत म्हटलं तर एक, दोन, तीन आणि मास्क खाली. "चार, सव्वाचार, साडेचार, पावणेपाच" हा आपला आवडता प्रकार इथे अजिबात नको. मुलं गणितात कच्ची असतील, फसवणुकीत नसतात. तीन झालं, मग पाच, मग एका छोट्या गाण्याइतकं. एक कान, मग दोन कान. आधी स्वस्थ बसून, मग चित्र काढताना, मग बोलताना, मग चालताना. बोलणं ही वेगळी पायरी धरा, कारण जबडा हलला की मास्क घसरतो आणि नाकाशी नव्याने गुदगुल्या होतात. बरेच पालक इथेच अडकतात आणि "काल तर नीट लावला होता" म्हणून वैतागतात.

एका बैठकीला दोन-तीन मिनिटं पुरेत, दिवसातून दोनदा. भूक लागलेली, झोप आलेली, नाक वाहत असलेली वेळ टाळा. आणि तिला अजून खेळायचं असतानाच आवरतं घ्या. ती "आणखी एकदा" म्हणाली तर तो त्या दिवसाचा सगळ्यात चांगला शेवट.

बक्षिसाबद्दल पालक नेहमी विचारतात. द्या, बिनधास्त द्या, पण क्रम सांभाळा. मास्क आधी, आवडीची गोष्ट लगेच नंतर. हातात आधी आवडीचं खेळणं देऊन, ती रमली की पटकन मास्क चढवायचा, ही युक्ती एकदाच चालते. दुसऱ्या वेळी ते खेळणंच धोक्याची घंटा होतं. रडू सुरू झाल्यावर लाच देणंही नको. मग भाव रडण्याला मिळतो. मुलाच्या कलाने हळूहळू जवळ जायचं, ही समजूत नवी नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती अशीच घालवली होती. तो आवडीचं काही खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि मुलगा शांत राहील तेवढाच हळूहळू जवळ आणायचा. अंतर ठरवत होता मुलगा. आजही आमच्या कामाचा गाभा तोच आहे.

मास्क कसा हवा हेही बघून घेऊ, कारण कधीकधी सगळा दोष मापाचा असतो. वरची कड नाकाच्या हाडावर, खालची हनुवटीच्या खाली, बाजूला फटी नाहीत आणि पापणीला टेकत नाही, असं माप हवं. मोठ्यांचा तिघडी मास्क लहान तोंडावर खाली घसरतो नाहीतर डोळ्यांत जातो. लहान माप मिळालं नाही तर दोन्ही दोऱ्यांना मास्कच्या कडेलगत गाठ मारा आणि बाजूला जो पोकळ भाग फुगतो तो आत मुडपा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये घट्ट बसण्यासाठी ही रीत दाखवली होती. कान नाजूक असतील तर हेअरबँडवर किंवा टोपीवर दोन्ही बाजूंना बटण शिवा आणि दोऱ्या त्यात अडकवा, ताण कानावर येतच नाही. चष्मा असेल तर तार नाकाशी नीट दाबून चष्मा मास्कच्या वर टेकवा, धुकं कमी धरतं. वास येत असेल तर नवा मास्क स्वच्छ जागी काही तास उघडा ठेवा. तिघडी मास्क धुऊन मात्र वापरू नका: मधल्या थरातल्या बारीक तंतूंवर विद्युतभार असतो, त्याच्या जोरावर मास्क कण अडवतो, आणि धुण्याने हा भार जातो. सरावाला सुती मास्क चालेल, पण शेवटचे काही दिवस जो खरोखर वापरायचाय त्याच्यावरच सराव करा.

एन९५ आणावा का, असंही कोणीतरी तुम्हाला सुचवलंय. एन९५ हे प्रमाणपत्र मुळात कामाच्या ठिकाणी मोठ्या माणसांनी वापरायच्या मास्कसाठी आहे. लहान तोंडावर तो कडेने उघडा राहिला तर त्याचा फायदा उरत नाही, आणि श्वासाला अडसर जास्त वाटतो. तरीही लहान मापाचा तसला मास्क आणायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून आणा. पुढे झडप असलेला तर नकोच. त्यातून बाहेर जाणारा श्वास गाळलाच जात नाही.

ऑक्सिजन कमी पडेल ही भीती तुम्ही दबक्या आवाजात लिहिलीत, पण ती जवळजवळ सगळ्यांच्या मनात असते. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू मास्कच्या छिद्रांच्या मानाने इतके सूक्ष्म असतात की ते सहज आरपार जातात. अडतात ते थेंब आणि कण. गरम होतं, चिकट वाटतं, हे खरं आहे आणि ते मुलीला नाकारू नका. "काही नाही होत" असं म्हणण्यापेक्षा "हो, आत गरम लागतं, म्हणून आपण ओला झाला की बदलतो" हे तिला जास्त पटेल. पळापळीचा खेळ चालू असेल तेव्हा मास्क नको. आणि ओठ निळसर दिसले, धाप लागली, घरघर ऐकू आली तर तो हट्ट नाही. मास्क काढा आणि डॉक्टरांना गाठा. दमा असेल तर हे सगळं सुरू करण्याआधीच विचारून ठेवा.

मध्ये ती मागे जाईल, हे धरून चाला. सर्दी झाली, सुई टोचली गेली, रात्र जागून काढली, की कालची पाच पावलं आज दोन होतात. तेव्हा दोनवरूनच सुरू करायचं, तोंडाने हिशेब मांडायचा नाही. परतीचा रस्ता पहिल्यापेक्षा लवकर कापला जातो. घरातल्या सगळ्यांना करार सांगून ठेवा. तुम्ही आठवडाभर शब्द पाळलात आणि काकांनी गमतीत तिच्या तोंडावर मास्क दाबून धरला, की पुन्हा पलंगाखालून सुरुवात.

उपचारांची तारीख आली आणि ती अजून पाच मिनिटांच्या पुढे गेली नसेल तर? हात धरून घालू नका. आत्ता एका दिवसाची सोय होईल, पण उपचार लांबणारे आहेत आणि तिला तुमच्याबरोबर तिथे पुन्हा पुन्हा जायचंय. त्याऐवजी आधी फोन करून दिवसाची पहिली वेळ मागा, प्रतीक्षाकक्षाऐवजी बाहेर थांबू द्या म्हणा, बोलावलं की थेट आत जा. तिच्याजवळ येणाऱ्या सगळ्यांनी मास्क लावायचा, हात धुवायचे, खोकणाऱ्यापासून अंतर ठेवायचं, खिडक्या उघड्या असतील अशी जागा निवडायची. तिच्या पाच मिनिटांचा उपयोग सर्वांत गर्दीच्या पाच मिनिटांसाठी करा, म्हणजे दारापासून खोलीपर्यंत. नर्सला आधीच सांगून ठेवा, की लांबूनच क्षणभर मास्क खाली करून चेहरा दाखवा आणि मगच जवळ या. किंवा त्यांचा हसरा फोटो ओळखपत्राशेजारी लावता आला तर उत्तम.

पहिल्या दिवशी बरोबर चार-पाच मास्क ठेवा, ओले-मळलेले टाकायला एक पिशवी, आणि तिच्या बाहुलीलाही एक. निघण्याआधी सगळा क्रम तिला सांगा: गाडीत नाही, दारात लावायचा, डॉक्टर काकूंच्या खोलीत गेलो की त्यांना विचारायचं, परत गाडीत बसलो की तू काढायचा. गाडीत बसल्यावर विसरू नका. तिचा हात वर जायच्या आत तुम्हीच म्हणा, "काढ."

आत्ता, म्हणजे उद्यापासून, करण्यासारखं एवढंच: घरातले सगळे मास्क एक-दोन दिवस नजरेआड करा, डॉक्टरांना वरचे प्रश्न विचारून घ्या, आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसून स्वतःच्या तोंडावर मास्क लावा. इलॅस्टिकच्या वेटोळ्यांचं आणि रुमालाचं काय झालं ते कळवा. कान निघाले की श्वास, त्यावर पुढचं सांगणं अवलंबून आहे.